जिन्यावर मसाला चढवण्याआधी खालची माती पाहा

महोदय,

मे महिना निम्मा सरला की अकोल्याच्या नव्या वस्त्यांमध्ये एक काम हमखास निघतं. घराबाहेरून वर जाणारा काँक्रीटचा जिना खालच्या टोकाला खचलेला असतो, जिना आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडलेली असते, आणि मृग लागायच्या आत ते "उरकून घ्यायचं" म्हणून मिस्त्रीला निरोप जातो. मिस्त्री येतो, फट बुजवतो, खचलेल्या पायऱ्यांवर मसाला चढवून त्या सारख्या करतो, वरून रंग मारला जातो. दिवाळीच्या सुमारास फट पुन्हा तिथेच उघडते. कौलखेड, खडकी, मोठी उमरी या भागांत फेरफटका मारला तरी असे डागडुजी केलेले जिने ओळखू येतात, कारण त्यांच्या खालच्या पायऱ्यांची जाडी वरच्या पायऱ्यांशी जुळत नाही. ही दुरुस्ती निरुपयोगी आहेच, शिवाय ती धोक्याची आहे, हे आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी एका तंत्रनिकेतनाच्या मृद् परीक्षण प्रयोगशाळेत सहायक म्हणून झाली. मी इंजिनिअर नाही. पण वऱ्हाडातली माती चाळणीतून चाळणं, ओव्हनमध्ये वाळवणं, पाण्यात घालून ती किती फुगते ते मोजणं हेच माझं रोजचं काम होतं. म्हणून जिना खचला असं कोणी म्हटलं की माझं लक्ष जिन्याच्या आधी जमिनीकडे जातं.

पूर्णेच्या खोऱ्यातली आपली काळी माती कपाशीला जितकी चांगली, तितकीच बांधकामाला अवघड. बेसॉल्टच्या खडकाची झीज होऊन बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतकऱ्याला त्या भेगा चालतात, पहिल्या पावसात त्या मिटतात. पण त्याच जमिनीवर दीड फूट खोल पाया घेऊन काँक्रीटचा जिना टेकवला असेल, तर तो जिना दरवर्षी जमिनीबरोबर खाली-वर होत राहतो. घर मात्र होत नाही, कारण घराचे कॉलम खोल नेलेले असतात. एकाच वास्तूचा एक भाग स्थिर आणि दुसरा हलता, मग जोड तुटणारच.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी नेमकं हेच झालं. घर चांगलं बांधलेलं, खांब मुरमापर्यंत नेलेले. जिना मात्र शेवटी, उरलेल्या वाळू-सिमेंटमधून झालेला. आपल्याकडे बहुतेक घरांचं असंच होतं: मंजुरीच्या नकाशात जिना दाखवतात, पण त्याचा पाया किती खोल हे कोणी विचारत नाही, आणि ठेकेदाराशी बोलणी होतात तेव्हा बाहेरचा जिना "त्यात आलाच" असं धरून चालतात. ताईच्या जिन्याची खालची फ्लाइट, म्हणजे पायऱ्यांचा सलग टप्पा, अंगणात टेकलेली; तिचं वरचं टोक घराच्या बीमला बांधलेल्या लँडिंगमध्ये, म्हणजे मधल्या सपाट ओट्यात. खालचं टोक अडीच इंच बसलं होतं. अडीच इंच ऐकायला फार वाटत नाही. पण दहा फूट लांबीच्या फ्लाइटचं एक टोक अडीच इंच बसलं की प्रत्येक पायरीला पाव इंच उतार येतो, तोही बाहेरच्या बाजूला, म्हणजे उतरणाऱ्या माणसाचा पाय जिकडे घसरायचा तिकडे. पावसात भिजलेल्या पायरीवर हा पाव इंच पुरतो. ताई आणि भाऊजी दोघंही सत्तरीच्या पुढचे, आणि वाळवणासाठी ताईची गच्चीवर ये-जा रोजची.

मिस्त्री म्हणाला, "काही होत नाही ताई, मसाला मारून देतो, बराबर होऊन जाते." तो वाईट माणूस नव्हे. त्याला जे काम करायला सांगतात ते तो करतो. पण त्याच्या हिशेबात वजन नव्हतं. चार फूट रुंद आणि एक फूट खोल पायरीवर दोन इंच काँक्रीट चढवलं की ४५ किलो वजन वाढतं. दहा पायऱ्यांचं साडेचार क्विंटल झालं. जी जमीन आधीच ओझं पेलत नाही, तिच्या डोक्यावर आणखी साडेचार क्विंटल. शिवाय थर देऊन पायऱ्यांची उंची बिघडते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातल्या पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या वर, म्हणजे साडेसात इंचांच्या वर नको आणि पाऊल ठेवायची जागा २५० मिलिमीटरपेक्षा कमी नको. पण माझ्या मते या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचं आहे ते सगळ्या पायऱ्या सारख्या असणं. माणूस जिना डोळ्यांनी उतरत नाही, पायाच्या सवयीने उतरतो. एक पायरी साडेसहा इंचांची आणि पुढची साडेआठची असली की तो तिथेच पडतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. खालचं टोक बसलं की फ्लाइट वरच्या जोडाशी वाकते आणि तडा पडतो तो लँडिंगजवळ, वरच्या बाजूने. त्या जागी वरच्या सळया पुरेशा नसल्या, आणि पुष्कळ जिन्यांत त्या नसतात, तर तडा खोल जातो. त्यातून पावसाचं पाणी आत शिरतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. तड्याच्या कडेला तांबूस डाग दिसले तर समजावं की पाणी सळईपर्यंत पोचलं आहे. अशा तड्यावर नुसतं सिमेंट लिंपणं म्हणजे गंज झाकून ठेवणं. तांबूस डाग दिसले की जिना वापरणं थांबवा, लँडिंगखाली लोखंडी प्रॉप (टेकू) लावून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. इथे मिस्त्रीचा सल्ला पुरेसा नाही.

ताईच्या अंगणात जिन्याच्या कडेला खड्डा घेतला तेव्हा सगळं उघड झालं. दीड फुटावर पाया संपला, त्याखाली विटांचे रोडे आणि त्याखाली काळी माती. घराच्या बाजूची माती ओली, हाताला चिकटणारी; अंगणाच्या बाजूची कोरडी, आणि ढेकूळ फोडलं की आतले पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखे चकचकीत. माती फुगताना-आकसताना तिचे थर एकमेकांवर घासले जातात, म्हणून ती चकाकी येते. खड्ड्यात असे पृष्ठभाग दिसले की जमीन हलती आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. तरी मी परीक्षा केली. भारतीय मानक २७२०, भाग ४० मध्ये ती दिली आहे: वाळवून बारीक चाळलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरायचं, चांगलं ढवळायचं आणि २४ तास तसंच ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या फरकावरून टक्का निघतो. ताईच्या मातीने रॉकेलात ११ मिलिलिटर जागा घेतली आणि पाण्यात २२. म्हणजे फुगवटा शंभर टक्के.

कोरडी बाजू आणि ओली बाजू हा फरक कशाने पडला? घराच्या बाजूला खिडकीत कूलर होता आणि त्याचं ओघळणारं पाणी नेमकं जिन्याच्या बुडाशी जिरत होतं. मे महिन्यात सगळं अंगण भेगाळलेलं असताना जिन्याची एक बाजू पाणी पिऊन फुगत होती आणि दुसरी आकसून खाली जात होती. पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात गच्चीचा पाइप मोकळा सुटलेला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं, आणि गच्चीला एकच पाइप असेल तर ते सगळं एका जागी जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की जिन्याला हात लावण्याआधी पाणी हलवा. कूलरचं पाणी नळीने दूर न्या. गच्चीचा पाइप जिन्यापासून लांब, गटारात किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडा, आणि तो खड्डाही जिन्याजवळ नको. धुण्याची जागा, टाकीचा ओव्हरफ्लो, नळाचा गळका जोड, जिन्याला चिकटून केलेला फुलझाडांचा वाफा, सगळं तपासा. घराभोवती निदान तीन फूट रुंद कोबा करा आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. मोठं झाड अगदी लगत असेल तर उन्हाळ्यात ते जमिनीतलं पाणी ओढून घेतं, हेही लक्षात घ्या. नुसतं पाणी आवरल्यावर जिन्याची हालचाल बरीच मंदावते, असा माझा अनुभव आहे, आणि हे काम सगळ्यात स्वस्त आहे.

मग मोजमाप. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. मिस्त्रीच्या लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जोत्यावरची एक खूण आणि जिन्याच्या खालच्या पायरीचे दोन्ही कोपरे मोजून ठेवा. एकदा मेअखेर आणि एकदा सप्टेंबरात. सप्टेंबरात जिना वर आलेला दिसला तर काळ्या मातीचा खेळ आहे. फक्त खालीच जात असेल तर खालचा भराव दबतो आहे किंवा पाण्याने वाहून जातो आहे. दोन्हींची दुरुस्ती वेगळी, म्हणून हे थांबणं वाया जात नाही. अर्थात जिना धोकादायक झाला नसेल तरच थांबावं.

भराव दबला असेल, आणि नुसत्या व्हरांड्यापुढच्या भरीव पायऱ्या असतील, तर काम साधं आहे. पायऱ्या फोडून काढा. काळी माती निदान तीन फूट खोल आणि पायऱ्यांच्या बाहेर सगळीकडून एक फूट जास्त काढून टाका. तिच्या जागी चांगला तांबडा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने ठोका. एकदम तीन फूट टाकून वरून ठोकलेला मुरूम फक्त वरच दबतो. वाळू भरू नका. वाळू स्वतः फुगत नाही, हे खरं, पण ती पाणी साठवते आणि खालच्या काळ्या मातीला पाजत राहते. न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर फुगणाऱ्या मातीला आवर घालतो हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं आणि कालव्यांच्या अस्तराखाली ती पद्धत वापरली गेली. मुरूम निवडण्यामागे तेच तत्त्व आहे. नव्या पायऱ्या जोत्याला सळयांनी जखडू नका. मध्ये इंचभर फट ठेवून डांबरी जॉइंट बोर्ड भरा, म्हणजे पायऱ्या थोड्या हलल्या तरी जोत्याला ओढणार नाहीत.

वर जाणारा आरसीसी जिना असेल आणि काळी माती खोल असेल, तर मुरमाने भागत नाही. पाया हलत्या थराच्या खाली न्यावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यासाठीच अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. जमिनीत भोक पाडायचं, तळाशी ते रुंद करायचं आणि सळया घालून काँक्रीट भरायचं. तळाचा फुगा दांड्याच्या साधारण अडीच पट व्यासाचा असतो, त्यामुळे माती फुगली तरी पाइल वर उचलला जात नाही. खोल काळ्या मातीत त्याची लांबी निदान साडेतीन मीटर हवी. हे काम हाताने फिरवायच्या ऑगरनेही (भोक पाडायच्या मोठ्या गिरमिटानेही) होतं, अंगणात मोठं यंत्र आणावं लागत नाही. ताईकडे लँडिंगखाली आधी प्रॉप लावले, मग खालची फ्लाइट तोडली, दोन पाइल घेतले, त्यावर आडवा बीम आणि बीमवर नवी फ्लाइट. बीमच्या खाली तीन इंच मोकळी जागा सोडली, जमिनीला फुगायला वाव हवा म्हणून. ती जागा विटांच्या तुकड्यांनी भरून टाकायची मिस्त्रीची तयारी होती. इंजिनिअर हजर होते म्हणून वाचलं. पोकळी भरली असती तर पाइल घेऊन उपयोग काय झाला असता? घाण जाऊ नये म्हणून कडेला पातळ फरशी उभी लावली, बस.

नव्या काँक्रीटला पाणी मारतानाही काळजी घ्या. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल आणि हवा कोरडी, कडक असेल तर १४ दिवस ओलावा हवा. पण पाइप सोडून अंगण भिजवू नका. पायऱ्यांवर गोणपाट टाका आणि तेच ओले ठेवा.

हल्ली मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ फिरतात. जिन्याला लहान भोकं पाडून फेस भरतात आणि जिना डोळ्यांदेखत वर उचलला जातो. लोक मला ते दाखवून विचारतात. रेताड किंवा भरावाच्या जमिनीत पोकळी झाली असेल तर ही पद्धत उपयोगी आहे, त्यात वाद नाही. पण आपल्या काळ्या मातीत पोकळी हे मूळ दुखणं नाही. फेसाने आज लेव्हल मिळेल, आणि खालची माती पावसाळ्यात फुगायची ती फुगणारच. मे महिन्यात, माती सगळ्यात आकसलेली असताना जिना लेव्हलला उचलला, तर ऑगस्टमध्ये तो लेव्हलच्या वर जाईल. सिमेंटचं पातळ पाणी दाबाने भरण्याचंही तसंच. काळ्या मातीचे कण इतके बारीक की सिमेंट त्यांच्यात शिरतच नाही, फक्त भेगांमध्ये जाऊन बसतं. जिथे पैसे एकदाच खर्च करता येतात तिथे ते पाण्याच्या निचऱ्यावर आणि पायाच्या खोलीवर करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर बांधायला काढलेल्यांना एवढंच सांगते की ठेकेदाराच्या कागदावर बाहेरच्या जिन्याच्या पायाची खोली आकड्यात लिहून घ्या आणि जिन्याचा पाया घराच्या पायाबरोबरच खणा. खणणारी माणसं, मिक्सर, इंजिनिअरची नजर, सगळं तेव्हा जागेवर असतं. थोड्याच पायऱ्या असतील तर त्या प्लिंथ बीममधूनच, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या तुळईतूनच, बाहेर काढता येतात का, हेही इंजिनिअरला विचारा. तसं झालं तर जमिनीवर टेकवायचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी आपल्या पत्रामार्फत एक विनंती. तंत्रनिकेतनं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे मृद् परीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत. मे महिन्यात परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे त्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. त्यांनी आठवड्यातला एक दिवस ठेवून नागरिकांनी आणलेली माती नाममात्र शुल्कात तपासून द्यावी आणि फुगवट्याचा आकडा कागदावर लिहून द्यावा. त्यासाठी दोन मोजनळ्या, एक चाळणी, थोडं रॉकेल आणि एक दिवस थांबणं एवढंच लागतं. कुठली संस्था पुढे आली तर शिकवायला आणि मदतीला मी स्वतः येईन, मानधनाशिवाय. माती आणणाऱ्यांनी ती वरवरची न आणता जिन्याच्या पायाच्या तळाखालून, मूठभर नव्हे तर किलोभर आणावी, आणि पिशवीवर खोली लिहावी.

आपली विश्वासू,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक (मृद् परीक्षण), अकोला